आईची नैराश्याची गोळी, मळमळ आणि केळी

प्रश्न (तासगावहून):
आईला चार महिन्यांपासून झोप लागत नाही आणि कशातच मन रमत नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान करून सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनावर काम करणारी गोळी दिली. पाच दिवस झाले, मन तसेच आहे आणि मळमळ मात्र सुरू झाली आहे. केळ्यांत सेरोटोनिन असते, तेव्हा गोळी थांबवून केळीच द्या, असे शेजारच्या काकू सांगतात. मनाच्या औषधाने पोट का बिघडावे?

उत्तर (मिरजेहून, औषधविक्रेता):
ताई, शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत तयार होते आणि आतड्यांची हालचाल त्यावर अवलंबून असते. पेशींनी सोडलेले सेरोटोनिन पुन्हा आत ओढले जाण्याची क्रिया ही गोळी रोखते, आणि मेंदू कोणता व आतडे कोणते हे तिला कळत नाही, म्हणून आधी पोट तक्रार करते. ही मळमळ बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते. मनावरचा परिणाम जाणवायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. आणखी एक, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे: आई ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध घेतात का? अशा औषधांच्या जोडीने सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढून ताप, थरथर आणि भ्रम अशी गंभीर अवस्था ओढवू शकते.

उत्तर (साताऱ्याहून, निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका):
केळ्यांत सेरोटोनिन असते हे खरे, पण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ते ओलांडत नाही. मेंदू आपले सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतःच तयार करतो. दूध-शेंगदाण्यांतून हे आम्ल मिळते, तरी आहार हा उपचाराला पर्याय नव्हे. सेरोटोनिन कमी झाले की नैराश्य येते, हे समीकरणही फार सोपे आहे. २०२२ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात त्याला सातत्यपूर्ण पुरावा आढळला नाही. त्यावरून औषध निरुपयोगी ठरत नाही, कारण गुण येणे आणि आजाराचे मूळ कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईंच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येतात का, हे त्यांना सरळ विचारा. विचारल्याने ते वाढत नाहीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

प्रश्नकर्ती:
दादा, आई गुडघ्यांसाठी ट्रॅमाडॉलच घेत होती आणि आम्ही ते डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. आज फोन केला. त्यांनी ती गोळी तातडीने थांबवली, नवी गोळी जेवणानंतर द्यायला सांगितले आणि उद्या तपासणीला बोलावले आहे. बाईंनी सुचवलेला प्रश्न मी आज रात्री आईजवळ बसून विचारणार आहे.