भाच्याला आयटीआयला घालायचं की डिप्लोमाला? आणि ते ६० हजार कोटी आमच्या तालुक्यात कधी येणार?

माणदेशी_मामा

नमस्कार मंडळी. बहिणीच्या मुलाला दहावीला ६१ टक्के पडलेत, गणितात कसेबसे काठावर. पण पोरगा हाताने वस्ताद आहे. मागच्या उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळाली तर हा वायंडिंगवाल्याच्या दुकानात तीन दिवस नुसता बघत बसला आणि चौथ्या दिवशी त्या मिस्त्रीने यालाच कॉइल भरायला बसवलं. ती मोटर आजही चालू आहे.

आता घरात वाद. भावजी म्हणतात डिप्लोमा कर, खासगी पॉलिटेक्निक, लागले तर कर्ज काढू, आयटीआय म्हणजे नापास पोरांचं. बहीण मध्ये अडकली. मी म्हणतो इलेक्ट्रिशियन नाहीतर फिटर कर. मला धीर यासाठी आला की मे २०२५ ला केंद्राने आयटीआय सुधारायला ६०,००० कोटी मंजूर केले आणि ऑक्टोबरमध्ये पीएम-सेतू नावाने योजना सुरू पण झाली, १००० सरकारी आयटीआय नवे करणार म्हणे. म्हणून उत्साहात आमच्या तालुक्याच्या आयटीआयला चक्कर मारली. लेथ ओळीने उभ्या, त्यातल्या दोन चालू. इलेक्ट्रिशियनचे निदेशक तासिका तत्त्वावरचे, ते त्या दिवशी आलेच नव्हते, आणि फिटरचे सर दोन तुकड्या एकटे ओढतात. पोरं बाहेर बाभळीखाली मोबाईलवर.

तर जाणकारांनी सांगा, हे पैसे खरंच खाली येतात का, आणि या अवस्थेत पोराला तिथं टाकायचं का?

बेंच_व्हाइस

मामा, मी फिटरचा शिल्प निदेशक म्हणून ३१ वर्षं काढून रिटायर झालोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी पैशाचं. ६०,००० कोटी एकदम येत नाहीत, पाच वर्षांत येणार, त्यात ३०,००० केंद्राचे, २०,००० राज्यांनी घालायचे आणि १०,००० उद्योगांनी. २०० आयटीआय 'हब' म्हणजे मुख्य केंद्रं आणि त्यांना जोडलेले ८०० 'स्पोक'. देशात सरकारी आयटीआयच तीन हजारांच्या वर आहेत आणि आपल्या राज्यात चारशेच्या वर, म्हणजे तुमच्या तालुक्याचा नंबर लागेलच असं धरून चालू नका. लागला तरी तुमच्या भाच्याची दोन वर्षं तोवर संपलेली असतील.

आणि हे पहिल्यांदा होतंय असंही नाही. २००७ च्या सुमारास पीपीपी म्हणजे सरकार-खासगी भागीदारीची योजना आली होती, १३९६ सरकारी आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटी बिनव्याजी कर्ज, वर एक व्यवस्थापन समिती आणि तिचा अध्यक्ष उद्योगातला माणूस. कागदावर झकास. मी तेव्हा ज्या संस्थेत होतो (नाव घेत नाही) तिथं त्या पैशातून एक सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आली. उद्घाटनाला नारळ फुटला, फोटो निघाले आणि मग कळलं की वर्कशॉपचा विजेचा मंजूर लोड तेवढा नाही. लोड वाढवून येईपर्यंत वर्ष गेलं. मग टूलचे इन्सर्ट (धातू कापणारी पाती) संपले, त्यांच्या खरेदीसाठी खर्चाचं हेडच नाही. मग जे सर कंपनीत जाऊन ट्रेनिंग घेऊन आले होते त्यांचीच बदली झाली, नव्या ठिकाणी सीएनसीच नव्हती. मी रिटायर झालो तेव्हा त्या मशीनवर निळी ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर मांजर व्यायली होती. खोटं नाही सांगत.

तर माझं म्हणणं एवढंच, सरकार दरवेळी मशीन घेतं, मशीनपाशी उभा राहणारा माणूस घेत नाही. २०२२ ला निदेशकांची १४५७ पदांची भरती निघाली तेव्हा किती जागा तुंबल्या होत्या ते सगळ्यांना दिसलं. तासिकावाल्या पोरांचा दोष नाही हो, त्यांना सुट्टीत पगार नाही, उद्या ऑर्डर येईल की नाही माहीत नाही, कोण मन लावून शिकवेल.

आता फिटरचं सांगतो म्हणजे शिकवणं म्हणजे काय ते कळेल. पहिल्या महिन्यात पोराच्या हातात लोखंडाचा तुकडा आणि फाइल म्हणजे कानस देतो, बाकी काही नाही. घासायचं. आठवड्याने तो तुकडा घेऊन येतो, 'सर झालं'. मी ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून खिडकीच्या उजेडात धरतो, मधून फट दिसते. परत जा. पुन्हा येतो, आता कोपऱ्यात फट. परत जा. पाचव्या-सहाव्या वेळी उजेड येत नाही तेव्हा पोराचं तोंड बघण्यासारखं असतं. त्या दिवशी तो फिटर व्हायला लागतो. यासाठी कोटी लागत नाहीत, पण त्याला सहा वेळा परत पाठवणारा माणूस तिथं रोज पाहिजे. आणि वेळ पाहिजे. आमच्या वेळी वर्षाला १६०० तास होते, २०२२ पासून १२०० केले, त्यातले प्रॅक्टिकलचे ८४०. सुट्ट्या, इलेक्शन ड्युटी, परीक्षा वजा करा, राहिलं काय?

म्हणून इमारत बघू नका. आत जाऊन भंगाराचा डबा बघा. जिथं काम होतं तिथं तो भरलेला असतो, तुटलेली ब्लेडं, जळालेले रॉडचे तुकडे, लोखंडाचा कीस. डबा रिकामा आणि शॉप चकाचक असेल तर पोराला तिथं घालू नका.

भोसरी_शेड

निदेशक साहेबांना मान देऊन बोलतो, पण दुसरी बाजू पण ऐका. माझं छोटं युनिट आहे, १४ माणसं, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीन) आणि चार जुन्या लेथ. ३० किंवा जास्त कामगार असले की अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवार घेणं सक्तीचं आहे, मला सक्ती नाही तरी मी दरवर्षी दोन-तीन घेतो, आणि दरवर्षी कपाळाला हात लावतो. सर्टिफिकेटवर पंच्याऐंशी टक्के आणि मायक्रोमीटर उलटा धरतो. ड्रॉइंग वाचता येत नाही, म्हणजे फर्स्ट अँगल की थर्ड अँगल (ड्रॉइंग मांडायच्या दोन पद्धती) तेच कळत नाही. थिअरी परीक्षा कॉम्प्युटरवर टिक मारायची झाली, पोरं प्रश्नसंच पाठ करून जातात. मी सहा महिने शिकवायचं, माल रिजेक्ट झालेला मी सोसायचा, आणि हाताला वळण आलं की पोरगा हजार रुपये जास्त मिळतात म्हणून चाकणला पसार. सरकार नॅप्समध्ये (अप्रेंटिससाठीची केंद्राची योजना) स्टायपेंडचे २५ टक्के, जास्तीत जास्त १५०० रुपये महिना देतं. रिजेक्शनचे कोण देणार?

मामा तुमचा भाचा वायंडिंगच्या दुकानात चार दिवस बसला ना, तोच माझ्यासाठी सर्टिफिकेट आहे, बाकी सब झूट.

टेस्ट_लॅम्प

भोसरीवाले दादा, पोरगा चाकणला पसार होतो कारण तिथं खोलीभाडं भागतं, एवढं साधं आहे. तुम्ही अप्रेंटिस संपल्यावर किती देता ते पण लिहा ना इथं.

मी इलेक्ट्रिशियन ट्रेड केलाय, २० च्या तुकडीत आम्ही तीन मुली. मुलींना राखीव जागा होत्या पण भरायच्या नाहीत, आमच्या आधीच्या बॅचला एकच होती आणि तिने दिवाळीनंतर सोडलं. तेव्हा ज्यांना विद्यावेतन बसायचं त्यांना महिन्याला ४० रुपये मिळायचे. चाळीस. आमच्या स्टँडवरच्या हॉटेलात दोन मिसळी पण येत नव्हत्या त्यात. २०२३ ला ते ५०० केलं, मी बाहेर पडल्यावर अर्थात, माझं नशीब.

आमचे सर मात्र परमनंट होते आणि खडूस. स्टार-डेल्टाचं (मोठी मोटर सुरू करायच्या स्टार्टरचं) वायरिंग डोळे मिटून करता आलं पाहिजे म्हणायचे आणि खरंच एकदा लाईट घालवून करायला लावलं होतं. त्यांच्या जिवावर आज खाते मी.

खरा घोळ पुढे झाला. अप्रेंटिसला एका मोठ्या कंपनीत लागले, घरी पेढे वाटले. पहिल्या दिवशी मेंटेनन्सला नेलं, दुसऱ्या दिवशी पॅकिंग लाईनला, आणि मग अकरा महिने पॅकिंगलाच. इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिस खोक्यांना टेप लावतेय. लॉगबुकात मात्र दर आठवड्याला सुपरवायझर लिहायचा 'मोटर मेंटेनन्स', 'पॅनल चेकिंग'. मी सही करत नव्हते तर म्हणाला, सर्टिफिकेट पाहिजे ना? केली सही. २०१९ च्या नियमात आयटीआय झालेल्याला कमीत कमी ७००० स्टायपेंड होता, तेवढा वेळेवर मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण शिकवायचं वर्ष होतं ते. सरकार मोजतं काय, किती अप्रेंटिस लागले. त्यांनी काय केलं ते कोणी मोजत नाही. १९६१ चा कायदा आहे, शिकाऊ उमेदवाराला त्याच्याच ट्रेडचं काम द्यायला पाहिजे, पण तपासायला कोण येतं? आमच्याकडे वर्षभरात कोणी आलं नाही.

आता मी एका पॅनलवाल्याकडे वायरिंगला आहे, आणि महावितरणच्या विद्युत सहायकची तयारी करतेय. त्याला बारावी आणि इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा आयटीआय लागतो, पहिली तीन वर्षं मानधनावर आणि मग कायम. म्हणून मामा, इलेक्ट्रिशियनच घ्या, आणि बारावीचं पण सोबत उरकून घ्या.

सिंगल_फेज

एवढं डोकं खपवण्यापेक्षा जर्मनीला पाठवा की. २०२४ ला राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्गशी करार केला होता ना, दहा हजार कुशल पोरं पाठवायचा.

बेंच_व्हाइस

@सिंगल_फेज, करार झाला होता खरा, पण तो आधीच शिकून तयार झालेल्यांसाठी. दहावीच्या पोराला त्याचा काय उपयोग. त्यांची पद्धत मात्र बघण्यासारखी आहे. तिकडे पोरगा आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस शाळेत असतो, कंपनीशी करार असतो, कंपनीच त्याला पैसे देते, आणि कंपनीत शिकवणारा मास्टर स्वतः परीक्षा देऊन मास्टर झालेला असतो. आपल्याकडे २०१६ ला ड्युअल सिस्टिम म्हणून तेच आणलं, पण कंपनीच्या बाजूला मास्टर कोण? तोच टेस्ट_लॅम्प ताईंचा सुपरवायझर, ज्याच्या डोक्यावर आज संध्याकाळचं डिस्पॅच आहे. त्याला शिकवायचे पैसेही मिळत नाहीत आणि वेळही नाही. भोसरीवाल्यांची तक्रार पण त्याच जागेवर येऊन थांबते बघा. शिकवणाऱ्याचे पैसे कुठल्याच योजनेत धरलेले नसतात.

मामा, भावजींसाठी एक गोष्ट सांगा. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. म्हणजे दार बंद होत नाही. दोन वर्षांचा ट्रेड घ्या पण, वेल्डर वगैरे एक वर्षाचे आहेत, त्यांना हे लागू नाही. माझे तीन-चार विद्यार्थी असे डिप्लोमाला गेले, गणितात रडले, पण वर्कशॉपला बाकीच्या पोरांना हेच शिकवायचे. आणि खासगी आयटीआयचा विचार असेल तर त्या ट्रेडला केंद्राची मान्यता आहे का आणि किती तुकड्यांना, हे पोर्टलवर बघूनच पैसे भरा. बोर्डावर काहीही लिहितात.

भोसरी_शेड

@टेस्ट_लॅम्प ताई, विचारलंत म्हणून सांगतो, अप्रेंटिस संपल्यावर १३ हजार देतो, ओटी वेगळा. कमी आहेत, माहीत आहे. पार्टी मला ९० दिवसांनी पेमेंट करते. पण पॅकिंगला कोणाला बसवलं नाही आजवर, बसवायला पॅकिंगच नाही माझ्याकडे 😄 पॅनल वायरिंगचं सुट्टीचं काम करत असाल तर कळवा, नवीन व्हीएमसी येतेय.

माणदेशी_मामा

सगळ्यांचे आभार. सोमवारी भाचा, भावजी आणि मी शेजारच्या तालुक्याच्या आयटीआयला जाऊन आलो. सरांनी सांगितलेला भंगाराचा डबा शोधला, तर डबा नव्हे, अख्खं पिंप होतं आणि भरून वाहत होतं. इमारत आमच्यापेक्षा जुनी, पावसाळ्यात गळत असणार. पण इलेक्ट्रिशियनच्या शॉपमध्ये भिंतीला लाकडी बोर्ड लावलेले, एकेका बोर्डावर दोन-दोन पोरं, आणि एक पन्नाशीचे सर कंबरेवर हात ठेवून मागे उभे. एका पोराचं कनेक्शन बघितलं आणि काही न बोलता सगळ्या वायरी ओढून काढल्या. पोरगं परत सोलायला बसलं. भाचा माझ्याकडे बघून हसला.

भावजी थेट दुसऱ्या वर्षाचं ऐकून गार झाले, म्हणजे अजून 'बघू' म्हणतात, पण ऑनलाईन फॉर्ममध्ये पहिला ऑप्शन तोच टाकलाय, इलेक्ट्रिशियन. जायला-यायला एसटीने ६८ किलोमीटर होतात, सकाळची गाडी पावणेसातची. पहिल्या राऊंडला नंबर लागतो का बघायचं.

भाचा आत्तापासूनच मल्टीमीटर पाहिजे म्हणून मागे लागलाय. कुठला घ्यावा?

टेस्ट_लॅम्प

काही घेऊ नका मामा. होल्डर, साधा बल्ब, दोन वायरी, झाला करंट येतोय का बघायचा टेस्ट लॅम्प. पहिले सहा महिने त्यावरच काम करू दे. मीटर नंतर मी माझा जुना पाठवते.