काका म्हणतात, पावात मीठ नव्हतं

काका: सुप्रभात मंडळी. कालचं इटालियन जेवण झकास. यजमानांचे आभार. फक्त त्या हॉटेलवाल्याला कुणीतरी कळवा, पावात मीठ घालायला विसरला होता.

काकू: उठल्यापासून हेच चाललंय. चहाच्या आधीपासून.

ताई: काका, मलाही तसंच वाटलं 😄 मी गुपचूप वरून भुरभुरलं.

दादा: विसरले नव्हते हो. इटलीतल्या टस्कनीकडचा पाव अळणीच असतो. पीठ, पाणी आणि आंबवण, संपलं. तो नुसता खायचाच नाही मुळी. बरोबर मुरलेलं चीज किंवा खारवलेलं मांस असतं, त्याचा खारटपणा पुरतो.

काका: म्हणजे चुकून राहिलं नाही, मुद्दाम घातलं नाही. हे तर जास्तच झालं.

आई: भावोजी, त्याच पावाचं सूप तुम्ही दोनदा मागून घेतलंत.

काका: ते सूप होतं?? मला वाटलं भाजी आहे.

मी: रिबोलिता म्हणतात त्याला. कालचं सूप, त्यात शिळा पाव कुस्करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळायचं. पांढरे बीन्स, गाजर, कांदा, सेलरी आणि ती काळपट हिरवी पानं म्हणजे केल या पालेभाजीचा एक प्रकार. पाव सगळं पाणी पिऊन टाकतो, म्हणून चमचा उभा राहतो. हातात पैसा नसलेल्या शेतकरी घरांतला हा प्रकार, आता हॉटेलात मातीच्या वाडग्यात येतो. पण काका, अळणी पाव तिथेच कामाला येतो. खारट पाव घातला असता तर सूप खारट झालं असतं.

काका: बरं. सूप मान्य. पाव अमान्य.

काकू: मला त्या हिरव्या तेलाचं विचारायचं होतं. पाव बुडवून खाल्ला आणि असा ठसका लागला! तेल जुनं तर नव्हतं ना?

दादा: उलट काकू, ताजं होतं. चांगल्या एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलात ओलिओकॅन्थल नावाचा घटक असतो, तो घशाशीच टोचतो, जिभेवर नाही. तेल जुनं झालं की हा झणका कमी होतो. खवट झालं तर वासावरूनच कळतं.

काकू: मग मी उगाच बाजूला सारलं. शेजारी कुणीतरी संपवलं ते.

ताई: 🙋‍♀️

वहिनी: मला तर तो वेटर फार आवडला. आपण सगळे एकदम सुटलो होतो, चार पिझ्झे, पाच पास्ते, वर ते लसणाचं काहीतरी. त्यानं वहीच मिटली! म्हणाला, आधी सूप आणि दोन पिझ्झे मधे ठेवतो, ते खा, मग बोलू. कुठला वेटर स्वतःहून कमी मागवायला सांगतो?

काका: आणि नंतर पास्ता आणला तो एवढासा. बशीत शोधावा लागला.

मी: काका, तिकडे पास्ता म्हणजे पूर्ण जेवण नसतं. आधी काहीतरी तोंडात टाकायला, मग पास्ता किंवा सूप, त्यानंतर मांसाचा किंवा माशाचा पदार्थ आणि त्याच्या बाजूला भाज्या, शेवटी गोड. पास्ता मधला टप्पा, म्हणून बेताचा. आपण सगळं एकाच ताटात बघतो आणि मग फसवल्यासारखं वाटतं.

पण त्या पास्त्याबद्दल जरा लांबण लावतो, कारण माझ्या मते काल रात्रीचा तोच राजा होता. काचो ए पेपे. पास्ता, पेकोरिनो चीज, काळी मिरी. बस. लोणी नाही, क्रीम नाही, लसूण नाही. माझी खुर्ची त्यांच्या उघड्या स्वयंपाकघरासमोर होती, त्यामुळे सगळं दिसत होतं. त्या बाईंनी आधी जाडसर कुटलेली मिरी कोरड्या पॅनमध्ये परतली. वास आपल्या टेबलापर्यंत आला होता, आठवतंय? मग पास्त्याचं पिठूळ पाणी पळीभर त्यात. चीज दुसऱ्या भांड्यात, अगदी बारीक किसलेलं, त्यात कोमट पाणी थोडं थोडं घालत मलमासारखं केलं. पास्ता पॅनमध्ये आला आणि त्यांनी पॅन शेगडीवरून खाली घेतला. मग चीज घातलं. विस्तवावर घातलं असतं तर त्याच्या गुठळ्या होऊन तारा सुटल्या असत्या. पाण्यातला स्टार्च ते धरून ठेवतो. मग नुसतं हलवत राहायचं. काही सेकंदांत त्या पांढऱ्या पाण्याचा सॉस झाला. तीनच जिनसा असल्या की चूक झाकायला काही उरत नाही, म्हणून मला तो पदार्थ आवडतो.

आणि जाता जाता, त्या सजावटीबद्दल माझं मत फार बरं नाही. भिंतीचा गिलावा मुद्दाम उडवलेला, तांब्याची भांडी टांगलेली पण त्यांत कधी काही शिजलेलं नाही. असला गावठी थाट कुणालाही विकत आणता येतो. अळणी पाव गिऱ्हाइकासमोर ठेवायला मात्र हिंमत लागते.

आत्या: आता विषय निघालाच आहे तर बोलते. काल काही म्हटलं नाही, सगळे खुशीत होते. तुम्हा सगळ्यांना तो चीजचा पास्ता आणि मला एकटीला टोमॅटोचा, त्यावर पावाचा चुरा. चीज मी मागूनही दिलं नाही त्या मुलानं. नुसता हसला आणि गेला.

आई: अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?

वहिनी: आत्या!! थांबा थांबा. माझ्याकडून सांगायचं राहिलं. टेबल बुक करताना मी म्हटलं होतं, एक जण शाकाहारी आहेत, अंडं चालतं. तेव्हा त्यांनीच मला विचारलं, रेनेट चालतं का? मला काही कळेना.

आत्या: ते काय?

दादा: दूध साकळायला घालतात ते. पेकोरिनो रोमानोमध्ये कोकराच्या पोटातलं, पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या. आणि ही काही एखाद्या कारखान्याची निवड नाही, ते नाव लावायचं तर नियमानंच तसं करावं लागतं. शाकाहारी पार्मिजानो रेज्जानो असं काही नसतंच. बाकी पुष्कळ चीजना वनस्पतीचं किंवा प्रयोगशाळेत केलेलं रेनेट वापरतात, ती चालतील. पाकिटावर बघायचं.

आत्या: अरे देवा. आणि मी आजवर पास्त्यावर पिझ्झ्यावर कितीदा खाल्लं असेल.

वहिनी: म्हणून त्यांनी तुमच्यासाठी वेगळा केला. तो चुरा म्हणजे ऑलिव्ह तेलात तांबूस परतलेला पाव. दक्षिण इटलीत चीज परवडत नसे तेव्हा पास्त्यावर तोच घालायचे, असं त्यांनी सांगितलं. तुमच्यासाठी तडजोड केलेली नव्हती, तिकडची जुनी पद्धतच आहे ती.

आत्या: चव चांगलीच होती गं. कुरकुरीत. मला आपलं वाटलं, मला टाळलं.

काकू: मी तुझ्या ताटातला खाल्ला. तुझाच सगळ्यांत चांगला होता.

आत्या: मला दिसलं होतं ते 😊 आणि ते शेवटचं कॉफीचं गोड? त्यात पण तेच का?

दादा: नाही, तिरामिसूत मास्कारपोने नावाचं मऊ चीज असतं. ते क्रीम तापवून आंबट घालून घट्ट करतात, रेनेट लागत नाही. अंडं असतं, ते तुम्हाला चालतं.

आत्या: मग ठीक.

ताई: आमच्याकडच्या दोघांनी पिझ्झ्याच्या कडा टाकल्या, "जळलाय" म्हणून. मीच खाल्ल्या.

दादा: जळलेला नव्हता. नेपल्सच्या पद्धतीत भट्टीचा घुमट साधारण 485 अंशांपर्यंत तापवतात आणि पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत बाहेर. एवढ्या आचेला कडेवर काळे ठिपके पडणारच. मधे ओलसर, कडेला फुगलेला. ही कला 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, पोरांना सांग.

ताई: पोरांना युनेस्को सांगून कडा खायला लावते, थांब.

काका: एक विचारू? त्या अळणी पावाचा एक गोळा आणून ठेवला तर घरी ते सूप जमेल का?

काकू: आता बघा!

मी: जमेल काका. पाव मात्र दोन दिवसांचा हवा. आणि केल मिळाली नाही तर कोबी घाला, फार बिघडत नाही.

आई: अहो, तुम्ही काहीच बोलला नाहीत काल. तुम्हाला आवडलं का?

बाबा: जेवण उत्तम. बाकाला पाठ नव्हती. पुढच्या वेळी बुक करताना तेवढं विचारा.