बाप आणि पश्चात्ताप: वाचनकट्ट्यासाठी पातळ कादंबरी सुचवा

मलप्रभाकाठ (खानापूर)
नमस्कार मंडळी. खानापुरात आमचा छोटा वाचनकट्टा आहे. निम्मे निवृत्त मास्तर आणि पोस्टातले काका, बाकी आम्ही नोकरीधंद्यातली मंडळी. महिन्यातून एका रविवारी जमतो आणि एकाच पुस्तकावर बोलतो. पुढच्या वेळचा विषय बाप. आईवर बोलून झालंय, सगळे रडूनही झाले. आता असा बाप हवा ज्याला उतारवयात मागचं काहीतरी सलतं. पोराशी वागायचं राहिलं, किंवा नको तसं वागला, असं काहीतरी.

पुस्तक सव्वाशे पानांच्या आतलं हवं, कारण जाडं पुस्तक दिलं की अर्धे लोक न वाचताच येतात आणि तेच जास्त बोलतात. प्रत दीडशे रुपयांत बसावी. नाटक नको, आत्मचरित्र नको. मराठीत असलं तर बरं.

टिळकवाडीकर
खांडेकरांची ययाति. विषय संपला. १९५९ ची कादंबरी, खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. बाप पोराचं तारुण्य मागून घेतो, याच्यापुढं बापाचा गुन्हा तो काय असणार? माझ्याकडं जुनी प्रत आहे, बाइंडिंग अजून शाबूत. आताच्या छपाईत तो दम नाही.

मलप्रभाकाठ
काका, ययाति सव्वाशेच्या तिप्पट तरी भरेल.

टिळकवाडीकर
पानं भरभर जातात. मोजत बसू नका.

निपाणीचा_पावणा
झोंबी वाचा की. आनंद यादव. कागल आमच्यापास्नं हाकेच्या अंतरावर. पोराला शाळा शिकायची हाय आणि बाप म्हणतोय शेतात राब. १९९० ला साहित्य अकादमी मिळालंय त्येला. असला बाप आमच्याकडं घरोघरी होता.

मलप्रभाकाठ
दादा, पुस्तक मोठंच आहे. पण ते पोराच्या बाजूनं आहे आणि आत्मचरित्रात्मक आहे. आम्हाला सल बापाला हवाय.

निपाणीचा_पावणा
असल्या बापांना सल नसतोय ओ ताई. तोच तर मुद्दा हाय. आणि निपाणीत पिठाची गिरणी चालवत कथा-कादंबऱ्या लिहिणारे महादेव मोरे होऊन गेले, त्यांचं नाव इथं कुणी घेत नाही. सगळे पुण्याकडं तोंड करून बसलेत.

कुंदा_आणि_कादंबरी
रणांगण घ्या. विश्राम बेडेकर. एकदम पातळ, एका बैठकीत होते. माझी तीनदा वाचून झालीय.

शहापूरची_पुस्तकवेडी
रणांगणात बाप कुठे आहे? बोटीवरची प्रेमकहाणी आहे ती. हर्टा आणि चक्रधर.

कुंदा_आणि_कादंबरी
पातळ मागितलं होतं म्हणून सांगितलं.

अनगोळकर_६७
नाटक नको म्हणालात तरी सांगतो, नटसम्राट.

गोवावेस_सर्कल
नटसम्राट +१. आमच्या वडिलांनी डॉ. लागूंचा प्रयोग बघितला होता, शेवटपर्यंत सांगत राहिले.

शहापूरची_पुस्तकवेडी
ताईंनी दोन ओळींत चार अटी घातल्यात, चारही कुणी वाचलेल्या दिसत नाहीत.

माझ्या मते टॉलस्टॉयची इव्हान इलिच. १८८६ ची, लघुकादंबरी म्हणावी एवढीच. माणूस न्यायाधीश आहे. घर, पगार, बढती, पडद्यांचं कापड, सगळं नीटनेटकं. आजारी पडल्यावर त्याला शंका येते की आपण जगलो तेच चुकीचं असलं तर? घरातली माणसं त्याच्या आजारानं वैतागलेली. त्याचे पाय आपल्या खांद्यावर धरून बसतो तो गेरासिम नावाचा गडी. शेवटी शाळकरी पोरगा खोलीत येतो, बापाचा हात त्याच्या डोक्यावर पडतो आणि पोरगा तो हात ओठांना लावून रडायला लागतो. तेवढ्या एका प्रसंगात बाप आहे. आयुष्यभर तो पोराला दिसलाच नव्हता, हे वाचणाऱ्याला तिथं कळतं. बापावरची पुस्तकं बहुतेक रडवतात. हे पुस्तक रडवत नाही, घाबरवतं.

अनगोळकर_६७
म्हाताऱ्या मंडळींच्या कट्ट्यावर मरणाचं पुस्तक? जरा तारतम्य ठेवा. आमच्या शेजारच्यांना कुणीतरी असलंच काहीतरी वाचायला दिलं, ते आठवडाभर जेवले नाहीत.

शहापूरची_पुस्तकवेडी
म्हाताऱ्यांना मरण माहीत नसतं असं तुम्हाला वाटतं का?

मागावरचा (वडगाव)
मी सांगूलोय ते कुणाला पटणार नाही, तरी सांगतो. शिवराम कारंतांची चोमन दुडि. कन्नड. १९३३ ची, लहानशीच. चोमा हा दक्षिण कन्नडकडचा वेठबिगार. जातीमुळं त्याला स्वतःची जमीन कसता येत नाही. दारात बैलजोडी हाय, पण नांगर धरायला जमीन नाही. कर्ज फेडायला पोरं कॉफीच्या मळ्यावर पाठवतो. एक तापानं जातो, एक तिकडंच धर्म बदलून राहतो, धाकटा पाण्यात बुडतो आणि काठावरची माणसं विटाळ होईल म्हणून हात लावत नाहीत. मग पोरगी बेल्ली मळ्यावर जाते, तिथल्या कारकुनाच्या हातात सापडते आणि कर्ज त्या किमतीत फिटतंय. हे कळल्यावर चोमा घराचं दार लावून दुडी वाजवत बसतो. दुडी म्हणजे त्यांचं ढोलासारखं वाद्य. वाजवत वाजवतच जातो.

बी. व्ही. कारंतांनी १९७५ ला सिनेमा केला, त्याला सुवर्णकमळ मिळालं. पण आधी पुस्तक वाचा.

गोवावेस_सर्कल
शेवट सांगून टाकलात की ओ!

मागावरचा
नव्वद वर्षं होऊन गेली पुस्तकाला. आता काय लपवायचं त्यात.

अनगोळकर_६७
एक विचारतो. सीमाभागातल्या मराठी वाचनकट्ट्यावर कन्नड पुस्तक? पाट्या कन्नड, सातबारा कन्नड, बसच्या फळ्या कन्नड. निदान रविवारचे दोन तास तरी मराठीत राहू द्या. १९५६ पासून इथली माणसं कशासाठी भांडली?

मागावरचा
भांडली ती मराठी टिकावी म्हणून. कारंत वाचू नयेत म्हणून कुणी भांडलं नव्हतं. माझी शाळा मराठी, धंदा कन्नड, उधारी दोन्हीत.

निपाणीचा_पावणा
उधारीचं लई खरं बोललात.

चिकोडी_रोड
भैरप्पा, कारंत मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी आपल्या बेळगावच्याच. त्यांना पण विचारणार काय, कन्नड कशाला वाचलं म्हणून? आणि भैरप्पा म्हटल्यावर सांगतो, वंशवृक्ष घ्या. बाप, मुलगा, वंश, सगळं आहे. मी प्रवासात संपवली. तशी जाड आहे.

मलप्रभाकाठ
सव्वाशे पानं, दादा. सव्वाशे.

चंदगडचे_सर
उशिरा आलो, क्षमस्व. दोन गोष्टी सांगतो.

पहिली. चोमन दुडि मी वाचली आहे. उत्तम आहे, पण ती पश्चात्तापाची गोष्ट आहे का, याची मला शंका आहे. पश्चात्ताप व्हायला आधी निवडायला काहीतरी हातात असावं लागतं. ययातीच्या हातात होतं. इव्हान इलिचच्याही हातात होतं. चोमाकडं काय होतं? पोरं मळ्यावर पाठवली नसती तर धन्यानं सोडलं असतं का? त्याला होतो तो शोक. शोकाला पश्चात्ताप म्हटलं की सगळा दोष बापाच्या डोक्यावर बसतो आणि जमीनवाले मोकळे सुटतात.

दुसरी. विषयाला नेमकी बसणारी कारंतांचीच दुसरी कादंबरी आहे, 'बेट्टद जीव'. उमाताईंनी ती 'डोंगराएवढा' नावानं मराठीत आणली आहे. सुब्रह्मण्याच्या बाजूच्या डोंगरात गोपालय्या आणि त्याची बायको राहतात. जंगल तोडून बाग उभी केलेला, पाहुण्याला उठू न देणारा, हसता-बोलता म्हातारा. मुलगा घर सोडून निघून गेला आहे. का गेला, आपलं काय चुकलं, हे नवराबायको दोघं वेगवेगळं मनात धरून आहेत आणि एकमेकांना सांगत नाहीत. मोठा प्रसंग असा काही घडत नाही. पाहुण्याच्या समोर जेवणं होतात, आंघोळीचं पाणी तापतं, वाघाच्या गोष्टी होतात, आणि मुलाचं नाव मधूनच येऊन जातं. तुमच्या निवृत्त मंडळींना हे पुस्तक कुणी समजावून सांगायला लागणार नाही. पानं तुमच्या अटीपेक्षा थोडी जास्त होतील.

शहापूरची_पुस्तकवेडी
सर, शोक आणि पश्चात्तापाचं पटलं. पण अर्धंच. शेवटी बेल्लीला मारून घरातून काढणारा चोमाच आहे ना? त्या वेळी धनी तिथं नव्हता. ज्या पोरीनं त्याचं कर्ज फेडलं तिलाच तो हाकलतो. तेवढी निवड त्याची होती. दुडी तो त्याच्यासाठी वाजवत नसेल कशावरून?

चंदगडचे_सर
हं. हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. तरी ताडी प्यालेल्या, चारी बाजूंनी नागवलेल्या माणसाच्या त्या क्षणाला निवड म्हणायला माझं मन धजत नाही.

मागावरचा
सर, तो जमिनीसाठी आयुष्यभर झुरला आणि पोरांकडं बघायचं राहून गेलं. हे पण आहेच की. बैलांना गोंजारतो तेवढं पोरांना गोंजारत नाही.

कुंदा_आणि_कादंबरी
डोंगराएवढा +१. सरांनी सांगितलंय तीच घ्या.

गोवावेस_सर्कल
डोंगराएवढाच. मी वाचलेली नाही पण वर्णन आवडलं.

चिकोडी_रोड
मी पण हेच सांगणार होतो, उमाताईंचं नाव मीच आधी काढलं.

कडोलीचा_स्टॉलवाला
पुस्तक कुठलं घ्यायचं ते घ्या, कसं घ्यायचं ते सांगतो. जुन्या पुस्तकांच्या दहा प्रती एकदम कुठं मिळत नाहीत. आधी बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात बघा, तिथं जुनी अनुवादित पुस्तकं बरीच आहेत. दोन प्रती मिळाल्या तरी आळीपाळीनं होईल. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमणी, या बाजूच्या संमेलनांत स्टॉल लागतात, तिथं घासाघीस करता येते. ऑनलाइन स्वस्त दिसलं म्हणून हुरळू नका. मी एका ठिकाणाहून मागवलेल्या कादंबरीत एक फर्मा, म्हणजे एकत्र छापलेल्या पानांचा गठ्ठा, दोनदा आला होता आणि पुढचा गायब. गोष्टीतला माणूस मेला, पुढच्या पानावर पुन्हा जेवायला बसला. आणि म्हाताऱ्या माणसांसाठी घेताना टाइप बघा. बारीक टाइप असला की पुस्तक कितीही पातळ असो, उघडलं जात नाही.

अनगोळकर_६७
हे कामाचं बोललात. टाइपचं कुणाला सुचत नाही. माझं मोतीबिंदूचं झाल्यापासून पेपरचे फक्त मथळे वाचतो.

गोवावेस_सर्कल
काका, मग वर एवढं भांडलात ते कसं वाचलंत?

अनगोळकर_६७
मोबाइलवर अक्षर मोठं होतं.

टिळकवाडीकर
ययाति मोठ्या टाइपात मिळते का ते बघा.

मलप्रभाकाठ
सगळ्यांचे आभार. कट्ट्यावर फोनवर बोलून ठरवलं. चोमन दुडि घेतोय. कन्नडमधनंच.

माहीत आहे, बहुतेकांनी डोंगराएवढा सांगितलं, आणि मीच मराठी म्हटलं होतं. पण झालं असं की आमच्या पोस्टातल्या काकांनी सगळी नोकरी कन्नड पत्ते वाचण्यात काढली. ते कट्ट्यावर येतात, चहा पितात, कधी बोलत नाहीत. त्यांना विचारलं, कन्नड पुस्तक वाचून दाखवाल का? लगेच हो म्हणाले. ते दोन-दोन पानं वाचणार आणि तिथल्या तिथं आपल्या भाषेत सांगणार. एकच प्रत लागेल, म्हणजे पैसेही वाचले आणि बारीक टाइपचा प्रश्नही मिटला. एका रविवारात होणार नाही, दोन-तीन लागतील.

आणि खरं सांगू? सर आणि शहापूरच्या ताई इथं जे भांडले तेच आम्हाला तिथं भांडायचंय. डोंगराएवढा वाचून सगळे माना डोलावतील आणि घरी जातील, अशी मला भीती आहे. ते पुस्तक मी स्वतःसाठी आणणार आहे.

चंदगडचे_सर
तुमच्या भीतीशी मी सहमत नाही, पण काकांचं वाचन ऐकायला येऊ का? चंदगडहून गाडीनं येईन.

मलप्रभाकाठ
या की सर. दुपारी चार वाजता. पत्ता खासगीत पाठवते.

अनगोळकर_६७
एवढं विचारून शेवटी कन्नडच. ठीक आहे. सांगायचं मात्र मराठीत होणार ना?

मलप्रभाकाठ
हो काका, मराठीतच. तुम्ही पण या. वाचायचं काही नाही, नुसतं ऐकायचंय.

अनगोळकर_६७
बघतो. पुढच्या महिन्यात भाऊबंदांच्या जमिनीची तारीख आहे, ती कुठल्या रविवारच्या आसपास येते बघून कळवतो.

निपाणीचा_पावणा
कोर्टाची तारीख रविवारी नसतीय ओ काका.

टिळकवाडीकर
ययाति हवी असल्यास माझी प्रत देतो. परत मात्र पाहिजे.