विषय: कच्च्या आहाराला चालणारी ऑलिव्ह आणि लोणची, पाडव्याआधी हवीत

प्रेषक: माई, टिळकवाडी, बेळगाव

मंडळी, नमस्कार.

घाईत लिहितेय. धाकटी गुरुवारी नेवार्कहून निघतेय, पाडवा करूनच परत जाणार. तिचं खाणं तुम्हाला ठाऊक आहेच: शिजवलेलं काही नाही, ४५ अंशांच्या वर तापलेलं काही नाही. फळं, मोड, काकडी, ओला नारळ यांची काळजी नाही. अडलंय ते तोंडी लावण्यावर. तिला ऑलिव्ह फार आवडतात आणि आपल्या लोणच्याशिवाय तर ती पानावर बसत नाही.

कॅम्पातल्या दुकानात बाटल्या बघून आले. हिरव्या ऑलिव्हवर बारीक अक्षरात पाश्चराइज्ड लिहिलंय. काळ्यांच्या डब्यावर फेरस ग्लुकोनेट. दुकानदार म्हणतो, "मिठाच्या पाण्यातलं आहे ओ, कच्चंच की." मला पटलं नाही, तशीच परत आले.

घरात बघावं तर आंब्यावर फोडणी, मिरचीवर फोडणी, आणि लिंबाच्या लोणच्यात गूळ. गूळ काहिलीत उकळलेला, म्हणजे तोही बाद. कुणाकडे विस्तव न लागलेलं लोणचं आहे का? आणि ऑलिव्ह मिळतील अशी जागा? कृपा करून "गोव्याला जाऊन या" असं सांगू नका. मागच्या वेळी काजूंसाठी चोर्ल्याचा घाट उतरले होते, कंबर अजून धरते.

प्रेषक: दादा, एडिसन (न्यू जर्सी)

माई, ती दोन्ही घेऊ नका. काळी तर अजिबात नको. डब्यातली ती ऑलिव्ह बहुतेक हिरवीच तोडलेली असतात. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घालून त्यांचा कडूपणा काढतात, पाण्यात हवा सोडून काळी करतात आणि रंग पक्का व्हावा म्हणून फेरस ग्लुकोनेट घालतात. त्यांच्यात आंबटपणा नसतो, त्यामुळे डबा बंद केल्यावर शंभराच्या वर तापवावाच लागतो. तुमच्या दुकानदाराचं म्हणणं हिरव्यांच्या बाबतीत थोडं तरी खरं आहे. स्पॅनिश पद्धतीची हिरवी ऑलिव्ह आधी सोड्यात, मग मिठाच्या पाण्यात आंबवतात. पण बाटलीत भरल्यावर तीही बहुधा तापवतात.

कच्चा आहार पाळणारे इथे दोन तऱ्हेची घेतात. एक, नुसत्या मिठाच्या पाण्यात कित्येक महिने मुरलेली, न तापवलेली, दुकानाच्या फ्रिजात ठेवलेली. दुसरी, कोरड्या मिठात सुरकुतवलेली काळी. ग्रीसमधल्या थासोस बेटाची ऑलिव्ह या दुसऱ्या तऱ्हेसाठी नावाजलेली आहेत. ही कोरडी असतात, बॅगेत सांडत नाहीत. तुम्ही बेळगावात शोधण्यापेक्षा तिलाच निघायच्या आधी घ्यायला सांगा. आमच्याजवळच्या ग्रीक दुकानात सुटी मिळतात. पाकिटावर न तापवलेली असल्याचं लिहिलंय का, एवढं तिने बघावं.

ताजं फळ आणून घरी करायचा विचार असेल तर सोडून द्या. राजस्थानात बिकानेरकडे ऑलिव्हच्या बागा आहेत, पण त्या तेलासाठी. झाडावरचं ऑलिव्ह तोंडात धरवत नाही इतकं कडू असतं. त्यातलं ओल्युरोपीन हे कडू द्रव्य निघायला कोरड्या मिठातही महिना-दीड महिना लागतो.

प्रेषक: अक्का, खानापूर

माई, ऑलिव्हचं दादा बघतील. लोणच्याचं मी सांगते.

आमच्याकडे गेल्या वर्षीची चेपणीची तोरं आहेत, म्हणजे मिठात दाबून मुरवलेल्या कोवळ्या कैऱ्या. विस्तव नाही, तेल नाही, फोडणी नाही. आजी कणकुंबीच्या होत्या, त्यांच्या हातची ही रीत. बाठ धरायच्या आधीची तोरं देठासकट उतरवायची. खाली पडलेलं एकही घ्यायचं नाही, डाग लागलेलं तोर सगळी बरणी नासवतं. धुऊन फडक्याने पुसायची, सावलीत सुकवायची. मग बरणीत एक थर तोरांचा, एक थर खड्या मिठाचा. चार मापं तोरांना एक माप मीठ. वर पाट आणि पाटावर नदीतला गुळगुळीत दगड. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दगड ओला दिसतो, कडेने पाणी वर चढलेलं असतं. तोरं हळूहळू सुरकुततात, रंग शेवाळी होतो, पण दाताखाली कुरकुरीतच राहतात.

शिवाय हिरवी करवंदं आता जांबोटीच्या बाजूला धरलीत. चिरा देऊन मिठाच्या पाण्यात ठेवली की चीक जातो आणि चार-सहा दिवसांत खाण्याजोगी होतात. ऑलिव्हच्या जागी पानात करवंद ठेवून बघा.

प्रेषक: अप्पा, शहापूर

अक्का, तुमचं सगळं बरोबर, पण न उकळलेल्या मिठाच्या पाण्यात तोरं टिकत नाहीत. आमच्या घरी तीन पिढ्या हे लोणचं होतंय. मीठ पाण्यात उकळायचं, गाळायचं, पूर्ण निवलं की तोरांवर ओतायचं. शिरशीकडचे लोकही अप्पेमिडीला, म्हणजे त्यांच्याकडच्या लोणच्याच्या कोवळ्या कैऱ्यांना, असंच करतात. खड्या मिठात माती असते, काडीकचरा असतो. एक वर्षी सुनेने उकळायचा कंटाळा केला आणि मृगात बरणीवर पांढरा थर आला. अख्खी बरणी परसात ओतावी लागली. माईंच्या पोरीला पोटदुखी लागली तर?

प्रेषक: अक्का, खानापूर

अप्पा, तुम्ही पाणी ओतता म्हणून तुम्हाला ते उकळावं लागतं. मी पाणी घालतच नाही. तोरांचं अंगचं पाणी सुटतं, त्यातच ती बुडतात. नाही बुडाली तर दगड हलका आहे असं समजायचं. मीठ सानिकट्ट्याचं, गोकर्णहून येणाऱ्यांकडून मागवते. ते आधी सुपात निवडते, उन्हात पसरते. माती कुठून येणार?

प्रेषक: डॉक्टरताई, निपाणी

अप्पा आणि अक्का, दोघांच्याही बरण्या टिकतात, कारण दोघांचंही मीठ भरपूर आहे. कच्चं अंडं तरंगेल इतकं खारं पाणी साधारण १० टक्क्यांचं असतं. एवढ्या मिठात आणि कैरीच्या आंबटपणात घातक जंतूंना वाढायला वाव राहत नाही. पांढरा थर बहुतेक वेळा यीस्टचा असतो, तोर पाण्याच्या वर उघडं पडलं की तो धरतो. तेव्हा उकळण्यापेक्षा दगडाचं महत्त्व जास्त. केसाळ, हिरवा-काळा थर आला तर मात्र टाकून द्यावं.

उकळून निववलेलं पाणी कच्च्या आहारात चालतं का, याचं उत्तर माईंच्या लेकीनेच द्यावं. फळाला उष्णता लागत नाही म्हणून पुष्कळ जण चालवून घेतात.

पण तिला पोटासाठी जिवंत जंतू असलेलं काही हवं असेल, तर चेपणीचा फारसा उपयोग नाही. इतक्या मिठात दह्यातल्यासारखे आंबवणारे जंतूही मंदावतात. त्यासाठी कोवळी काकडी, गाजर, फ्लॉवर घ्या. लिटरभर पाण्याला ३० ते ३५ ग्रॅम मीठ, भाजी पूर्ण बुडालेली, झाकण सैल. आपल्याकडच्या मार्चच्या हवेत चार-पाच दिवसांत आंबूस वास येतो, पाणी गढूळतं. मग फ्रिजात. आज घातलं तर ती येईपर्यंत तयार होईल.

एक गोष्ट कळकळीने सांगते. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवू नका. गेल्या दिवाळीला कुणीतरी तशी बाटली सगळ्यांना वाटली होती. तेलाखाली हवा नाही, आंबटपणा नाही, तिथे बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं आणि ते वासाने कळत नाही.

प्रेषक: माई, टिळकवाडी

डॉक्टरताई, काकडी-गाजर आजच घातलं. लेकीला फोन केला. ती म्हणते उकळलेलं पाणी नको, म्हणून अक्कांचीच तोरं. दादा, तुमचं ग्रीक दुकान तिला माहीत आहे, कोरडी ऑलिव्ह ती आणतेय.

आता मसाल्याचं राहिलं. तोरांना मोहरी कच्चीच फेसून लावणार आहे, पाट्यावर पाण्याचा हबका मारत, नाकात झणका जाईपर्यंत. हळद घरची आहे, पण ती मुळात उकडून वाळवलेली असते, म्हणून आंबेहळद किसून घालीन. हिंग बांधानी नको, त्यात मैदा असतो. खडा आहे थोडा. पण तिखटाचं काय? गिरणीतून आलेला डबा हातात धरवत नाही इतका गरम असतो. ब्याडगी मिरची वाळलेली घरात आहे.

प्रेषक: तात्या, संकेश्वर

माई, लोणच्याला ब्याडगी कशाला? ब्याडगी रंगाला. खारवलेल्या तोराला संकेश्वरी मिरचीच लागते, नाहीतर मीठच पुढे येतं. आमच्या गावची मिरची असताना बेळगावकरांनी ब्याडगीसाठी हावेरीकडे बघावं याचं मला दरवेळी वाईट वाटतं. आणि गिरणीत देऊच नका. कडक उन्हात वाळवून, देठ काढून खलबत्त्यात थोडी थोडी कुटा. थोडी असली की तापत नाही.

प्रेषक: वडगावची मंडळी

एक विनंती. पाडव्याच्या एकत्र जेवणात लोणच्याचं टेबल दरवर्षी आमच्याकडे असतं आणि यंदाही तसंच ठरलं आहे. इथल्या चर्चेवरून काहींनी फोन करून "यंदा लोणचं खानापूरहून येणार का" असं विचारलं. तसं काही नाही. आमचं फोडणीचं आंब्याचं लोणचं तयार आहे. अक्कांची बरणी आली तर आनंदच आहे, पण ती वेगळी ठेवू आणि तिचा चमचा वेगळा.

प्रेषक: चिटणीस

वडगावकरांचं बरोबर आहे, टेबल त्यांचंच. न तापवलेल्या पदार्थांसाठी शेजारी एक लहान टेबल लावू, त्यावर चिठ्ठ्या लावू. यंदा माईंच्या लेकीखेरीज आणखी दोन घरांतून अशी विचारणा आली आहे, त्यामुळे हे करायलाच हवं. ज्यांचं रक्तदाब-पथ्य आहे त्यांनी चेपणीपासून लांब राहावं. आणि कृपया प्रत्येक उत्तराखाली मागची सगळी पत्रं चिकटवू नका.

प्रेषक: अक्का, खानापूर

माई, शनिवारी सकाळी या. काचेची किंवा चिनी मातीची बरणी आणा, स्टीलचा डबा नको. तोरं काढताना खारं पाणी सोबत घ्यायचं, ती उघडी राहता कामा नयेत. मसाला लावायच्या आधी एक तोर लेकीला नुसतं चाखायला द्या. फार खारट वाटलं तर साध्या पाण्यात तासभर ठेवायची, पण खायच्या तेवढीच. करवंदं मुलं उद्या काढून आणतायत.

प्रेषक: तात्या, संकेश्वर

अर्धा किलो संकेश्वरी उद्याच्या दुपारच्या बसने कंडक्टरकडे देतो. माई, स्टँडवर कुणाला तरी उभं करा. देठं काढलेली नाहीत, देठासकट ती जास्त टिकते.