पुन्हा: मिल्पिटसची मुलगी आणि बालेवाडीचं मैदान

सोमवार, 12 ऑगस्ट 2024

मंडळी, सप्रेम नमस्कार.

काल ऑलिंपिक संपलं. नेमबाज स्वप्निल कुसाळेला कांस्य मिळालं तेव्हा मी घरात एकटाच उठून उभा राहिलो. मी कराडचा. आमच्या शेजारच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्य आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूचं वैयक्तिक पदक 72 वर्षांनी आलं.

पदकांचा तक्ता बघताना मात्र फिलिपिन्सवर नजर थांबली. आपल्याकडे एक रौप्य, पाच कांस्य. त्यांच्याकडे दोन सुवर्ण, दोन कांस्य, आणि दोन्ही सुवर्णं एकट्या जिम्नॅस्ट कार्लोस यूलोची. मनापासून कौतुक वाटतं.

मागच्या मेलमध्ये ताईंनी फिलिपिन्सच्या महिला फुटबॉल संघाबद्दल भरभरून लिहिलं होतं. त्यावर एक शंका. त्या संघातल्या बऱ्याच मुली अमेरिकेत जन्मल्या, इथल्याच कॉलेजांत खेळल्या. वेटलिफ्टर हिडिलिन डियाझ फिलिपिन्समध्येच, झांबोआंगात वाढली, वडील तीनचाकी चालवायचे. तिचं सुवर्ण त्या मातीचं. या मुलींचं म्हणजे आयत्या पिठावर रेघोट्या, असं वाटतं. चूक असेल तर सांगा.

काका, फ्रीमाँट (कॅलिफोर्निया)

---

मंगळवार, 13 ऑगस्ट 2024

काका, सा. न. वि. वि.

तुमचा प्रश्न मनाला लागला, म्हणून सविस्तर लिहिते.

इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी नऊ वर्षं आहे. रात्रपाळीच्या निम्म्याहून अधिक नर्स फिलिपिनो. त्या मला 'आते' म्हणतात. त्यांच्या भाषेत थोरल्या बहिणीला असं हाक मारतात. डियाझचा सामना मी त्यांच्याबरोबरच पाहिला. 26 जुलै 2021, पहाटेची वेळ, ब्रेकरूममध्ये एका फोनभोवती आम्ही सहाजणी. दोनच दिवसांपूर्वी मीराबाई चानूच्या रौप्यासाठी त्या माझ्याशेजारी बसल्या होत्या. डियाझ आणि चीनची ल्याओ, दोघी स्नॅचमध्ये (बार एका दमात डोक्यावर) 97 किलोवर बरोबरीत. ल्याओने क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) 126 उचलले. डियाझने शेवटच्या प्रयत्नाला 127 मागितले. बार डोक्यावर स्थिरावला आणि तिचा बांध फुटला. आमच्या खोलीतल्या सगळ्यांचाच फुटला. एकूण 224, ऑलिंपिक विक्रम. फिलिपिन्स 1924 मध्ये पॅरिसला पहिल्यांदा ऑलिंपिकला गेला होता. पहिलं सुवर्ण यायला 2021 उजाडलं.

पण काका, ती त्या मातीची म्हणता, तर हेही बघा. कोरोनात ती मलेशियात अडकली होती. जिम बंद, म्हणून बांबूला पाण्याच्या मोठ्या बाटल्या अडकवून उचलायची. प्रशिक्षक गाओ काइवेन चीनचे. यूलो मनिलात रिझाल मेमोरियलमध्ये जिम्नॅस्टिक्स शिकला, पण किशोरवयातच जपानला गेला आणि कित्येक वर्षं जपानी प्रशिक्षकाकडे घडला. पोल व्हॉल्टचा ईजे ओबिएना इटलीत फोर्मियाला राहून सराव करतो. (त्याच्यासाठी अजून जीव हळहळतो. पॅरिसला ग्रीसच्या कारालिसने कांस्य घेतलं ती उडीही 5.90 मीटरच, फक्त चुकलेले प्रयत्न मोजल्यावर आमचा ईजे चौथा. आमचा म्हणाले खरी, राहू दे तसंच.) देश सोडून बाहेर कष्ट करायचे आणि मिळेल ते घरी पाठवायचं, हे फिलिपिनो घरांत पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. माझ्या मैत्रिणींच्या घरी बालिकबायन बॉक्स कायम उघडाच असतो. साबण, चॉकलेटं, बूट भरत जातात, भरला की बोटीने गावी. खेळाडूंचंही तेच आहे. या फुटबॉलच्या मुली नुसत्या उलट्या दिशेने निघाल्या.

आता बालेवाडीचं सांगते. 30 जानेवारी 2022, महिला फुटबॉलच्या आशिया चषकाची उपांत्यपूर्व फेरी. आपला संघ कोरोनामुळे आधीच स्पर्धेबाहेर गेला होता, माझं मन उतरलेलं. फिलिपिन्स विरुद्ध चायनीज तैपेई (म्हणजे तैवान), पुण्याच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात. मी बाणेरची, त्या संकुलात मी शाळेत असताना धावलेय. उत्तरार्धाच्या सुरुवातीला किन्ली क्वेझादाचा गोल, शेवटच्या दहा मिनिटांत तैपेईची बरोबरी, मग पेनल्टी. 4-3. गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनियलने फटके अडवले, आणि शेवटचा फटका सरीना बोल्डनने मारला. त्या एका फटक्याने फिलिपिन्स पहिल्यांदा फुटबॉलच्या विश्वचषकाला गेला. पुरुषांचा संघही आजवर तिथे पोचलेला नाही. माझ्या मैत्रिणींच्या देशाला हे यश माझ्या गावात मिळालं!

सरीना कुठली? सांता क्लाराचा जन्म, वाढली मिल्पिटसमध्ये. आपण मुलांना पोहायला सोडून वाण्याकडे जातो, त्याच गल्ल्यांतली. आई फिलिपिनो. पुढच्या वर्षी 25 जुलैला वेलिंग्टनमध्ये यजमान न्यूझीलंडविरुद्ध 24व्या मिनिटाला तिने डोक्याने गोल मारला, फिलिपिन्सचा विश्वचषकातला पहिलावहिला गोल. 1-0 तसंच टिकलं. इथे आदल्या रात्री साडेदहा वाजता सामना सुरू झाला होता. वॉर्डातल्या पेशंटनीसुद्धा टीव्ही लावून घेतले.

आयतं पीठ यात काय होतं, काका? अमेरिकेच्या संघात जागा मिळाली नाही म्हणून आल्या, असं लोक म्हणतात. असेल. पण आईचा देश जगाच्या नकाशावर आणायला कुणीतरी यावंच लागलं.

शेवटचं सांगते, हे मला सगळ्यात टोचतं. फिलिपिन्सने 2003 च्या कायद्याने बाहेर गेलेल्यांना दुहेरी नागरिकत्वाचा रस्ता करून दिला. आपल्याकडे 2008 पासून नियम स्पष्ट आहे: भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताकडून खेळता येतं, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड चालत नाही. माझी मुलगी अकरा वर्षांची, मिल्पिटसच्याच मैदानांवर खेळते. घरी मराठी बोलते, गणपतीत अथर्वशीर्ष म्हणते. तिला भारताची जर्सी घालायची असेल तर आधी अमेरिकेचं नागरिकत्व सोडावं लागेल. अकरा वर्षांच्या मुलीला हे कसं समजावायचं?

ताई, मिल्पिटस

---

मंगळवार, 13 ऑगस्ट 2024

ताई, सुंदर लिहिलंत. मी बास्केटबॉलवाला, म्हणून दोन ओळी.

सीमा कुठेतरी आखावीच लागते, आणि मला ती जस्टिन ब्राऊनलीपाशी अवघड जाते. अमेरिकन, फिलिपिनो रक्त नाही, 2023 मध्ये खास कायदा करून नागरिक केला. तरीही मनिलात लोक त्याला डोक्यावर घेतात, कारण तो आधी बरीच वर्षं हिनेब्रा संघाकडून त्यांच्यात राहून खेळलाय. हांगझोउ आशियाई स्पर्धेत चीनविरुद्ध 20 गुणांनी मागे असताना त्यानेच शेवटी तीन-तीन गुणांचे फटके मारून उपांत्य सामना 77-76 ने काढला, आणि 1962 नंतर पहिल्यांदा सुवर्ण आलं. 'पुसो', म्हणजे काळीज, असं ते ओरडतात. रक्ताच्या हिशेबात तो बसत नाही, काळजाच्या हिशेबात बसतो.

दादा, डेली सिटी

---

बुधवार, 14 ऑगस्ट 2024

दादा, ब्राऊनलीबद्दल मी पूर्ण सहमत नाही. तिथे घरच्या मुलाची एक जागा जाते, आणि गल्लीबोळात टांगलेल्या रिंगवर चप्पल घालून खेळणाऱ्या पोरांचं मला वाईट वाटतं. पण चीनविरुद्धचा तो सामना मी तीनदा पाहिलाय, हेही खरं.

ताई

---

बुधवार, 14 ऑगस्ट 2024

चि. ताई,

तुझी मेल काल सौ. ला मोठ्याने वाचून दाखवली. मुलीचं वाचताना थांबावं लागलं. आमच्या नातीचंही तेच आहे, मी कधी त्या बाजूने विचार केला नव्हता. खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला लोकांनी पदरमोड करून पैसे उभे केले होते. त्यांच्यासाठी माणसं धावली ती ते आपले होते म्हणून. सरीनाला तिच्या लोकांनी तसंच आपलं म्हटलं. रेघोट्यांचा शब्द मी मागे घेतो.

डियाझचं पारडं माझ्या मनात अजून जड आहे, ते राहू दे.

न्यूझीलंडचा तो सामना कुठे बघायला मिळेल? शनिवारी नात येते आहे, तिच्याबरोबर बघेन म्हणतो. तुझ्या लेकीलाही घेऊन ये. सौ. थालीपीठ लावणार आहे. तुझ्या त्या मैत्रिणींपैकी कुणाला सुट्टी असेल तर त्यांनाही आण, सहा खुर्च्या आहेत, बाकीचे सतरंजीवर.

काका