ब्रेक पॅड बदलून सहा महिने झाले तरी पिकअपच्या पुढच्या चाकातून चीं चीं आवाज

प्रश्न: पिकअप जुनी आहे, पुढे डिस्क मागे ड्रम. हळू चालवताना पुढच्या डाव्या चाकातून बारीक चीं चीं येतं आणि गंमत म्हणजे ब्रेक दाबला की बंद होतं. शिवाय रिव्हर्स घेऊन पुढे निघालो की पहिल्या ब्रेकला एकदाच खट्ट. मेकॅनिकने चाकाच्या फटीतून बघितलं, म्हणाला पॅड भरपूर आहेत. रोज माल भरून जातो, काळजी वाटते.

उत्तर: फटीतून फक्त बाहेरचा पॅड दिसतो, आतला चाक काढल्याशिवाय नीट कळत नाही. पॅडला एक पत्र्याची पट्टी असते, पॅड झिजला की ती डिस्कला टेकते आणि असंच वाजते, बऱ्याच गाड्यांत ब्रेक दाबला की थांबतेही. माझ्या गाडीत बाहेरचा पॅड जाड आणि आतला संपलेला, कारण कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्यावर सरकतो त्या पिना जाम. थोडं चालवून आलास की दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात ने (डिस्कला लावू नकोस, भाजेल), एक चाक जास्त तापलेलं असेल तर तिथेच घोळ आहे.

उत्तर: खट्ट म्हणजे बहुतेक पॅड ब्रॅकेटमध्ये, म्हणजे तो बसतो त्या चौकटीत, सरकतोय. पॅड बदलताना त्याला धरून ठेवणाऱ्या क्लिपा परत बसवल्या होत्या का बघ, नाहीतर पाट्याचे (लीफ स्प्रिंगचे) यू बोल्ट पण एकदा आवळून घे, ते ढिले असले तरी खट्ट येतं. आणि चीं चीं ची खर्र खर्र झाली, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी, तर गाडी जागेवरच उभी कर, माल राहू दे.

प्रश्नकर्ता: काल चाक काढलं. आतला पॅड 2 मिमी पण नाही, बाहेरचा निम्म्याहून जास्त! खालच्या पिनेचं रबर फाटलेलं, आत गंज, हाताने हलत नव्हती. एक क्लिप गायबच.

उत्तर: मग सापडलं. पॅड दोन्ही चाकांचे जोडीनेच बदल, पिना घासून ब्रेकचंच ग्रीस लाव, साधं लावलंस तर रबर फुगतं आणि पिन परत अडकते. कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन न अडकता आत जातोय का तेही बघ. सगळं बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप कर, पहिल्या एक-दोन वेळा ते तळाला जातं, हे विसरू नकोस.