खालच्या दाढेची अ‍ॅपिकल मायक्रोसर्जरी: पेशंटला यशाचा आकडा कोणता सांगायचा?

(दंतवैद्यांमधली चर्चा, टोपणनावांनी. सर्जरी म्हणजे हाडातून मुळाच्या टोकापर्यंत जाऊन ते कापायचं आणि कॅनाल मागून बंद करायचा.)

मूळप्रश्न
खालची डावी पहिली दाढ (३६). आरसीटी (रूट कॅनाल) जुनी, क्राऊनच्या (कॅपच्या) कडा व्यवस्थित. मिझिओलिंग्वल कॅनालमध्ये (पुढच्या म्हणजे मिझिअल मुळातली जिभेकडची नळी) वळणाच्या पुढे फाईलचा (कॅनाल साफ करायच्या बारीक सुईचा) तुकडा अडकलेला. सीबीसीटीत (थ्रीडी स्कॅनमध्ये) मिझिअल मुळाच्या टोकाशी ६ मिमीचं लीजन (हाडातली पोकळी), पॉकेट (दात आणि हिरडीमधली फट) कुठेही ३ मिमीच्या वर नाही. तुकडा काढायच्या नादात मूळ पोखरण्यापेक्षा सर्जरी बरी, असं ठरतंय. पेशंटला टक्केवारी हवी आहे. एकीकडे ५९ टक्के वाचायला मिळतं, दुसरीकडे ९४. यातलं खरं कोणतं? आणि हे काम बहुतेक वेळा बिघडतं ते नेमकं कुठे?

शिखरभेद
दोन्ही खरे, पण एकाच ऑपरेशनचे नव्हेत. सेट्झर आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये ५९ टक्के हे जुन्या पद्धतीचे: सरळ हँडपीसवर बर, मुळाला तिरका काप, अमाल्गमची भर. ९४ टक्के हे मायक्रोस्कोप, अल्ट्रासॉनिक टिप आणि एमटीए किंवा सुपर ईबीएसारखं सील करायचं मटेरियल वापरून केलेल्या कामाचे. त्याच गटाच्या २०१२ च्या भागात अल्ट्रासॉनिक टिप आणि नवी मटेरियल्स वापरूनही मायक्रोस्कोपविना केलेली सर्जरी ८८ टक्क्यांवर थांबली. गंमत म्हणजे पुढच्या दातांत आणि प्रीमोलरमध्ये फारसा फरक निघाला नाही, दाढांमध्ये निघाला. म्हणजे तुमच्या केसमध्ये मायक्रोस्कोप ही चैन नाही.

पण ९४ सुद्धा जसाच्या तसा सांगू नका. त्यात सहा महिन्यांच्या फॉलो-अपचे अभ्यासही धरले आहेत. बर्नच्या फॉन आर्क्स यांच्या गटात एका वर्षाला ८३.८ टक्के दात बरे होते, पाच वर्षांनी ७५.९. त्यातही मुळाच्या दोन्ही बाजूंचं हाड सीईजेपासून (इनॅमल संपून मूळ सुरू होतं त्या रेषेपासून) ३ मिमीच्या आत होतं तिथे ७८.२ टक्के, त्याहून खाली गेलं होतं तिथे ५२.९. मटेरियलचाही फरक दिसला: एमटीए ८६.४, सुपर ईबीए ६७.३. किम यांच्या २००८ च्या अभ्यासात फक्त एंडोचं (कॅनालमधून आलेलं) लीजन ९५.२ टक्के बरं झालं, एंडो-पेरिओ (सोबत हिरडी-हाडाचाही आजार असलेलं) ७७.५.

लीजन ५ मिमीच्या आत असेल तर निकाल थोडा चांगला, हे खरं. पण तुमच्या ६ मिमीपेक्षा तो ३ मिमीचा पॉकेट जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो तुमच्या बाजूने आहे.

हिरडीवाला
वर हाडाचं आलंय, त्याला एक जोड. प्रोब (पॉकेट मोजायची सळई) भूल दिल्यावर पुन्हा मुळाभोवती चालवा. चोहीकडे ३ आणि एकाच अरुंद जागी ८–९ मिमी खाली गेला, तर उभी चीर आहे असं धरून फ्लॅप (हिरडीचा पडदा) उघडा. टोक कापल्यावर मिथिलीन ब्लू लावला की डेंटिनमध्ये आत शिरणारी निळी रेघ दिसते. चीर सापडली तर तिथेच थांबा, रेट्रोफिलिंग (टोकाकडून भरणं) करून उपयोग नाही. मिझिअल मूळ काढून टाकायचं की अख्खी दाढ, याची संमती आधीच घेऊन ठेवलेली बरी.

रेट्रोटिप
बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे काप. टोकाचे ३ मिमी कापले की कॅनालचे फाटे ९८ टक्के आणि लॅटरल (बाजूला जाणारे) कॅनाल ९३ टक्के जातात, म्हणून ३. काप मुळाच्या अक्षाला काटकोनात, फार तर १० अंश तिरका. खालच्या दाढेत हात आपसूक ४५ अंशांवर जातो आणि मग मिझिओलिंग्वल कॅनाल न कापता मागे राहतो. तुमचा तुकडा तिथेच आहे! मिथिलीन ब्लू लावून लिगामेंटचं (मुळाभोवतीच्या पातळ थराचं) निळं वर्तुळ पूर्ण दिसतं का ते बघा. ते अर्धवट असेल तर लिंग्वल बाजू कापलीच गेलेली नाही.

दुसरी जागा इस्थमस. मिझिअल मुळात दोन कॅनालना जोडणारी फट असतेच असं धरून चला. दोन वेगळे खड्डे करून मधली फट सोडली तर गळती तिथूनच. १६ ते २४ पट मोठं करून, मायक्रोमिररमध्ये बघत, ३ मिमी खोल एकच चर काढायचा. टिप मुळाच्या अक्षात, हलका दाब, पाणी चालू. टिप वाकडी गेली की मूळ आरपार फुटतं. आतल्या भिंतीला, विशेषतः बकल (गालाकडच्या) बाजूला, गट्टापर्चा (आरसीटीची जुनी रबरी भर) चिकटून राहतो; तो काढा.

तिसरी, रक्त. बकल हाड जाड असतं, खिडकी ४ मिमीच्या आसपास पुरते, पण तळाशी रक्त साचलं की एमटीए धुऊन जातो. अ‍ॅड्रेनलिनचे पेलेट दाबून ठेवा. फेरिक सल्फेट वापरलंच तर नंतर स्वच्छ धुवा, नाहीतर हाड भरायला वेळ लागतो. पण हे धुणं एमटीए भरण्याआधी. भरल्यावर खड्ड्यात पाण्याचा फवारा मारायचा नाही. हात बसला नसेल तर बायोसिरॅमिक पुट्टी सोपी. टाके ५-० किंवा ६-० मोनोफिलामेंट, ३ ते ५ दिवसांत काढा. सिल्कवर प्लाक साचतो. आणि कापण्याआधी सीबीसीटीवर मेंटल फोरामेनचं (ओठाची नस बाहेर पडते त्या छिद्राचं) अंतर मोजून घ्या, रिट्रॅक्टर कुठे टेकवायचा ते त्यावर ठरतं.

मूळप्रश्न
आभार सगळ्यांचे. फॉलो-अपला एक्स-रेत थोडी काळी छटा राहिली तर?

शिखरभेद
आकार बघा. छटा कमी झालेली, कडा वेडीवाकडी, मुळाच्या एका बाजूला सरकलेली, तर तो व्रण. एक्स-रेवरून बरं होणं ठरवायच्या मोल्वेनच्या वर्गवारीत ‘अपूर्ण’, पण यशातच मोजतात. मुळाच्या टोकाभोवती गोल आणि लिगामेंटच्या रुंदीच्या दुपटीहून मोठी उरली तर अनिश्चित. तिला दरवर्षी एक्स-रे, आणि चार वर्षांनीही तशीच असेल तर अपयश. आधीएवढी किंवा मोठी दिसली तर वाट बघू नका. पहिला एक्स-रे सहा महिन्यांनी, दुसरा वर्षाने, दोन्ही त्याच कोनातून.